पत्रपेटीचा खेळ आणि डिचोली-पेडण्याची वाट

बेळगावच्या गाड्या गोव्याला जातात त्या समुद्राला भेटायला. शनिवारी पहाटे निघायचे, जांबोटी-कणकुंबी मागे टाकायची, चोर्ला घाटात पोरांना मळमळू लागले की लिंबू हुंगायला द्यायचे आणि साखळी, डिचोली ही गावे डुलकीत ओलांडून थेट कळंगुट गाठायचे. रविवारी संध्याकाळी त्याच वाटेने परत. डिचोलीला मावशी असते, साखळीला आत्या असते, पेडण्याला कुणाची तरी नणंद दिलेली असते. गाडी त्यांच्या दारावरून जाते. फोन होतो, ‘पुढच्या खेपेस नक्की’ असे ठरते, आणि पुढची खेप एखाद्या लग्नात नाहीतर दहाव्या-बाराव्याला उगवते.

ही गावे वाटेवरची न राहता मुक्कामाची व्हावीत, म्हणून मुलांच्या हाती एक खेळ देता येतो. त्याचे इंग्रजी नाव ‘लेटरबॉक्सिंग’. आपण त्याला पत्रपेटीचा खेळ म्हणू. घरात कन्नड बोलणाऱ्यांनी खुशाल ‘अंचे पेट्टिगे आट’ म्हणावे. गेल्या डिसेंबरात आम्ही सहलीची सारी आखणी या खेळाभोवती केली. ती कशी केली आणि वाटेत काय सापडले, ते सांगते.

खेळ कुठला आणि कसा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. तिथे चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या प्रवाशांना माळ दाखवीत असे. १८५४ साली त्याने क्रॅनमिअर पूल या आडवळणाच्या जागी एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो पोहोचेल त्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, इतकाच हेतू. पुढे लोक तिथे पत्ता लिहिलेली पत्रे आणि कार्डे ठेवू लागले. पुढचा प्रवासी येई, आधीच्याचे पत्र उचली, आपल्या गावी नेऊन टपालात टाकी आणि स्वतःचे पत्र तिथे ठेवी. पत्र कधी पोहोचेल, कोण पोहोचवील, याचा नेम नसे. पोहोचले की त्याचे अप्रूप.

कालांतराने पेट्या वाढल्या आणि पत्रांच्या जोडीला रबरी ठसे आले. आजचा खेळ असा आहे. एक डबा, त्यात एक वही आणि एक हाताने कोरलेला ठसा. डबा कुठे आहे ते कोड्यात सांगितलेले असते. शोधणाऱ्याकडे स्वतःची वही आणि स्वतःचा ठसा असतो. डबा सापडला की त्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत उमटवायचा, दोन ओळी लिहायच्या आणि डबा होता तसा ठेवायचा. १९९८ मध्ये ‘स्मिथसोनियन’ या अमेरिकी मासिकात यावर लेख आला आणि तिकडे हा छंद पसरला. २००० सालच्या मे महिन्यात उपग्रहाच्या साहाय्याने डबे शोधण्याचा ‘जिओकॅशिंग’ हा भाऊबंद निघाला. त्यात यंत्र जागा दाखवते. पत्रपेटीच्या खेळात जागा डोळ्यांनी वाचावी लागते. कुठल्या देवळाच्या दारावर काय कोरले आहे, कुठली नदी कुठे वळते, हे पाहिल्याशिवाय कोडे सुटत नाही. आपल्या कामाचा भाग हाच.

आपल्याकडे जमेल का?

जसाच्या तसा नाही. आपल्याकडे कुठेही बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतात, पोलीस येतात, आणि ते बरोबरच आहे. पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे, कोकण रेल्वेचे स्थानक आहे. अशा जागी, पुलाखाली किंवा बाजारात डबा ठेवण्याचा विचारही नको. देवळात, लेण्यात, किल्ल्यात काही खुपसून ठेवू नये. चोर्ल्याच्या वाटेवरचे रान म्हादई अभयारण्याला लागून आहे. तिथे प्लास्टिक सोडणे हा गुन्हाही आहे आणि पापही.

म्हणून आम्ही दोन नियम केले. पहिला, सार्वजनिक जागी फक्त कोडे, डबा नाही. तिथे मुलांनी काहीतरी पाहायचे, मोजायचे किंवा चित्र काढायचे. त्या उत्तरातून पुढचे कोडे उघडायचे. दुसरा, खरा डबा नातेवाइकाच्या नाहीतर ओळखीच्या माणसाच्या घरी, त्यांना विचारून ठेवायचा. पडवीतल्या फडताळात, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, दुकानाच्या गल्ल्यामागे. डबा शोधायचा म्हणजे त्या घरी जायचे, बसायचे, चहा घ्यायचा. हा फेरबदल नाइलाजाने झाला, पण खेळ त्यामुळेच आपला झाला.

ठशांची हौस भागवायला टपाल खातेही आहे. साखळी, डिचोली, पेडणे प्रत्येक ठिकाणी पोस्टकार्ड घ्यायचे, त्यावर स्वतःच्याच घरचा पत्ता घालून तिथल्या कचेरीत द्यायचे आणि तारखेचा शिक्का स्वच्छ मारा म्हणून विनवायचे. घरी परतल्यावर एकेक कार्ड येत राहते. रविवारी कचेऱ्या बंद असतात, म्हणून निघायचा दिवस शुक्रवार धरावा म्हणजे शनिवारही हाती राहतो.

पिनकोडही कोड्याला उपयोगी पडतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ही पद्धत ज्यांच्या नावावर आहे ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच कोकणातले, टपाल खात्यात मोठ्या पदावर असलेले संस्कृत पंडित. पिनचा पहिला आकडा मोठा विभाग सांगतो. बेळगाव शहर ५९०००१, खानापूर ५९१३०२, म्हणजे पाच. घाट उतरला की साखळी ४०३५०५, डिचोली ४०३५०४, पेडणे ४०३५१२, म्हणजे चार. परतीला सावंतवाडी ४१६५१०, पुन्हा चार, आणि घरी आल्यावर पाच. आमच्या धाकटीने सहलीला नाव दिले ‘पाच-चार-चार-पाच’.

तयारीचे सामान

खर्च फार नाही. झाकण घट्ट बसणारा डबा, शंभर पानी वही, शाईची गादी, पेन्सिल आणि जाडसर खोडरबर. खोडरबरावर चित्र उलटे काढायचे आणि कटरने बाजूचा भाग कोरून टाकायचा. कटर मोठ्यांच्या हाती असावा. अक्षर कोरायचे तर आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते. दोन्ही लिप्या करून पाहिल्यावर मुलांच्या लक्षात आले की देवनागरीची शिरोरेघ सरळ असल्याने कोरायला सोपी जाते, कन्नडचे गोलवे मात्र हात थरथरला की तुटतात. थोरल्याने अखेर अक्षर सोडून कणकुंबीचा डोंगर कोरला. धाकटीने मोर कोरला, तो उमटला कोंबड्यासारखा. तोच तिचा ठसा ठरला.

कोडी मी आणि यजमानांनी मिळून केली. आमच्या घरात सासरची भाषा कन्नड, माझी मराठी, शाळेची इंग्रजी. म्हणून प्रत्येक कोडे अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये लिहिले. थोरला मराठी बरे वाचतो, धाकटी आजीच्या मांडीवर कन्नड शिकली. एकट्याला कोडे सुटू नये, दुसऱ्याला विचारावेच लागावे, ही त्यातली मेख. ज्या घरांत दोन भाषा नांदतात त्यांना हे मुद्दाम सुचवते. आपली मुले दोन्ही भाषा जाणतात असे आपण अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा एक कानापुरती आणि एक शाळेपुरती असते.

पहिला दिवस : कणकुंबी ते नार्वे

बेळगावहून साखळीपर्यंत थांबत थांबत तीन तास धरावेत. पावसाळ्यात चोर्ल्यात धुके आणि दरडी यांचा भरवसा नसतो, म्हणून दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ कुटुंबासाठी चांगला.

पहिले कोडे कणकुंबीला. ‘एकाच डोंगरावर दोन थेंब पडले. एक गेला पूर्वेच्या समुद्राला, दुसरा पश्चिमेच्या. पूर्वेकडच्याचे नाव काय?’ उत्तर मलप्रभा. ती कणकुंबीला उगम पावते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. घाटापलीकडचे ओढे मांडवीच्या वाटेने अरबी समुद्राला जातात. पाण्याचे भांडण वर्तमानपत्रात मुलांनी ऐकलेले असते. ती जागा पाहिली की भांडण कशाचे आहे हे निदान कळते.

घाट उतरल्यावर पहिले मोठे गाव केरी, सत्तरी तालुक्यातले. इथे मुलांना एवढेच सांगितले की नाव लक्षात ठेवा, उद्या लागेल.

साखळीत वाळवंटी नदीच्या काठाने कारापूरच्या विठ्ठल मंदिरात गेलो. इथला चैत्री उत्सव प्रसिद्ध आहे. पंढरीच्या विठोबाला संतांनी कानडा म्हटले, त्याची आठवण सासूबाईंनी मुलांना इथे करून दिली. त्यांनी ती कन्नडमध्ये सांगितली, हे विशेष. तिथून जवळच हरवळे. लेणी, शिवलिंगे, शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आणि धबधबा. ही लेणी मुळात बौद्धांची की शैवांची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि गावकरी ती पांडवांची मानतात. मुलांना लिंगे मोजायला लावली. धबधब्याच्या कडेला मुलांना मोकळे सोडू नये, दगड निसरडे असतात.

दुपारनंतर नार्वे. आमच्या आखणीतले हे मुख्य ठिकाण, आणि दोन्ही भाषांच्या घरांनी तर पाहायलाच हवे. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. कदंब म्हणजे आपले शेजारीच. खानापूर तालुक्यातल्या हलशीला त्यांची राजधानी होती, तिथले भूवराह-नरसिंहाचे देऊळ आपण शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या कृपेचा उल्लेख असे. त्यांच्या सिंहाचे चिन्ह आज गोव्याच्या कदंब बसवर दिसते. धाकटीने दोन दिवसांत असे एकवीस सिंह मोजले.

देवाचे मूळ स्थान मात्र नदीपलीकडे, दिवाडी बेटावर होते. ते बहामनी काळात मोडले, विजयनगरचा माधव मंत्री याच्या काळात पुन्हा उभे राहिले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले. तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला आणले, कारण तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देव आला तसे गावाचे नावही आले. दिवाडीवरचेही नार्वे, अलीकडचेही नार्वे. मधे नदी आणि तीवर फेरीबोट. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्याचा लेख दारावर आहे, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी. कोडे असे होते : ‘दगडात शके, डोक्यात सन. मधले अंतर एप्पत्तेंटु.’ एप्पत्तेंटु म्हणजे अठ्ठ्याहत्तर हे धाकटीने सांगितले, १५९० दगडावर थोरल्याने वाचले, आणि १६६८ हे उत्तर दोघांनी मिळून काढले. या देवळाचे अलीकडचे संवर्धन गोवा शासनाने केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

कानडी राजांचा देव, विजयनगरच्या मंत्र्याने सांभाळलेला, मराठी राजाने पुन्हा उभारलेला, कोकणी बोलणाऱ्या गावाने पुजलेला. सीमाप्रश्नावर मोठमोठी भाषणे ऐकलेल्या आपल्या पिढीने हे देऊळ मुलांना शांतपणे दाखवावे. त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज पडत नाही.

डिचोलीचा मुक्काम

रात्री डिचोलीला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे. दोघी बहिणी खानापूरकडच्या. एक बेळगावला कन्नड घरात दिली, दुसरी घाट उतरून कोकणी घरात. मुले तिला मावशीआजी म्हणतात. दोघी सहा वर्षांत फक्त एकदा भेटल्या होत्या, तीही भावाच्या बाराव्याला. अंतर म्हणाल तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचावे एवढे.

पहिला डबा मी फोनवर सांगून तिच्याच घरी ठेवायला लावला होता. कोडे होते : ‘बावी हिंदे, एडक्के नोडु. दळण थांबले तरी जाते तिथेच.’ म्हणजे विहिरीच्या मागे, डावीकडे पाहा. ‘जाते’चा अर्थ कुणी कुठे जाते असा लावून धाकटी अंगणभर हिंडली. मावशीआजीचा नातू कोकणी बोलणारा. त्याला कोड्यातले कन्नड कळेना, पण घरातले जुने जाते कुठे पडले आहे ते त्यालाच ठाऊक. तिघांनी मिळून डबा काढला. तोवर एकमेकांशी न बोलणारी ही मुले त्या रात्री बारापर्यंत झोपली नाहीत.

डब्यातल्या वहीचे पहिले पान मावशीआजीने लिहावे असे आम्ही म्हटले. ती खूप वेळ पेन धरून बसली. मग तिने आपले माहेरचे नाव लिहिले, कन्नड लिपीत. लहानपणी खानापूर भागातल्या शाळेत शिकलेली अक्षरे, लग्नानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिने लिहिली नव्हती. एक अक्षर चुकले, ते सासूबाईंनी पेन घेऊन दुरुस्त केले. नातवाने वाकून विचारले, “हें कितें?” आपली आजी असेही काही लिहू शकते हे त्याला माहीत नव्हते. घरातल्या सुनेलाही नव्हते. सासूबाईंनी खाली मराठीत लिहिले की हिने शाळेत माझी पाटी फोडली होती, अजून भरून दिलेली नाही. हसणे झाले. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि खूप वेळ बोलत बसल्या. आम्ही मध्ये गेलो नाही.

सकाळी मावशीआजीने एक बंद लिफाफा दिला. सावंतवाडीच्या नणंदेसाठी. “वाटेत पेटीत टाक,” म्हणाली. फोन असताना पत्र कशाला, असे मुलांनी विचारले. ती म्हणाली, “फोनवर ती मला बोलू देत नाही.” पेरटच्या माळावरची रीत न सांगता तिला कळली होती. ते पत्र पेडण्याच्या टपालात टाकायचे काम थोरल्याने मागून घेतले.

दुसरा दिवस : बहिणींची वाट

डिचोली आणि पेडणे यांना जोडणारी एक जुनी कथा आहे, सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा यांची. कथा गावागणिक बदलते. सर्वसाधारणपणे शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया या डिचोली तालुक्यातल्या, मोरजीची मोरजाई पेडणे तालुक्यातली, आणि मिराबाई ही म्हापशाची. मिराबाईलाच लोक म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीत पाहतात. म्हणून तिच्या फेस्ताला हिंदू जातात आणि ख्रिस्ती शेजारीही लईराईला बहीण मानतात. एकेका गावी दिलेल्या बहिणी, वर्षातून कधीतरी एकमेकींची आठवण काढणाऱ्या. आदल्या रात्रीनंतर मुलांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

आमची दुसऱ्या दिवसाची वाट या बहिणींच्या गावांवरूनच बेतली. शिरगाव, मुळगाव, मग अस्नोडा, म्हापसा, कोलवाळचा पूल ओलांडून धारगळ आणि पेडणे. तिथून पार्से, मोरजी, मांद्रे, हरमल करीत केरी. एक सूचना : शिरगावला वैशाखातल्या जत्रेच्या दिवसांत लहान मुलांना घेऊन हा खेळ करू नये. मे २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. इतर दिवशी गाव शांत असते.

पेडण्याला भगवतीच्या देवळासमोर दगडी हत्ती आहेत. इथले कोडे यजमानांचे : ‘आने एदुरु हत्तु हेज्जे.’ थोरल्याने मराठी डोक्याने वाचले आणि म्हणाला, आणे म्हणजे जुने पैसे, हत्तु म्हणजे हत्ती, हेज्जे कळले नाही. धाकटी हसून लोळली. कन्नडमध्ये आने म्हणजे हत्ती आणि हत्तु म्हणजे दहा. हत्तीसमोर दहा पावले. दहा पावले मागे जाऊन जे दिसेल त्याचे चित्र काढायचे होते. तेवढ्यात देवळाबाहेरच्या फुलवालीने विचारले, “बेळगावचीं काय?” तिची सून निपाणीची. तिने सुनेला फोन लावून दिला आणि धाकटीने दगडी हत्तीच्या पायाशी उभे राहून अनोळखी बाईशी कन्नडमध्ये गप्पा मारल्या.

पेडण्याच्या टपाल कचेरीत आमची कार्डे आणि मावशीआजीचे पत्र दिले. हा तालुका ‘नव्या काबिजादी’तला. डिचोली आणि पेडणे १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे गेले, म्हणजे जुन्या गोव्यापेक्षा अडीचशे वर्षांहून अधिक उशिरा. तोवर इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. देवळे टिकली आणि मराठी कागदपत्रांची परंपरा राहिली ती त्यामुळे. १८७१ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतःची टपाल तिकिटे होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत पेडण्याहून सावंतवाडीला पत्र म्हणजे परदेशी पत्र. आमच्या लिफाफ्यावर साधे भारतीय तिकीट होते, आणि त्यासाठी किती लोकांनी काय सोसले हे सांगायला पेडणे तालुक्यात दोन जागा आहेत.

एक पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात सीमेवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग हा तरुण इथे हुतात्मा झाला. तिथे स्मारक आहे. तिथे आम्ही कोडे ठेवले नाही. नुसते उभे राहिलो.

दुसरी तेरेखोल.

दोन केरी आणि एक फेरीबोट

हरमलच्या पुढे किनारा संपतो तिथे गाव येते केरी. आदल्या दिवशी लक्षात ठेवायला सांगितलेले नाव इथे उपयोगी पडले. ‘काल डोंगराच्या पायथ्याशी, आज नदीच्या तोंडाशी, नाव एक.’ फोंडा तालुक्यात तिसरी केरीही आहे. एका नावावर विसंबून गाडीतल्या यंत्राला विचारले तर ते भलत्याच केरीला नेऊन सोडेल, तेव्हा तालुका सांगावा.

केरीहून तेरेखोल नदी ओलांडायला फेरीबोट आहे, तीत गाडीही चढते. भरती-ओहोटीप्रमाणे वेळ मागेपुढे होऊ शकते, म्हणून आधी चौकशी करावी. नाहीच जमले तर किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा आहे. पलीकडचे तेरेखोल गाव गोव्याचे, पण जमिनीने जोडलेले सिंधुदुर्गाला. नकाशात पाहिले की मुले विचारतात, हे असे का? सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. त्याच मोहिमेत पेडण्यातला हळर्णचा किल्लाही गेला. व्हाइसरॉयला त्या विजयाबद्दल ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ ही पदवी मिळाली, आणि हळर्णचे नाव असे पोर्तुगालच्या सरदारघराण्यात पोहोचले. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, पुढे त्यांना कैद झाली.

इथून रेडी, शिरोडा, सावंतवाडी, आंबोली, चंदगड करीत बेळगाव. रेडीचा गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडलेला. सावंतवाडीत लाकडी खेळणी घ्यायला अर्धा तास राखून ठेवावा. आंबोलीचा घाट शक्यतो उजेडात चढावा. दोन दिवसांत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्ये होतात आणि गाडी कुठेही आल्या वाटेने परत जात नाही.

आखताना एवढे पाहावे

पेट्या तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर धावपळ होते. दर पेटीमागे घरच्यांसाठी दोन तास धरावेत. डबा कुणाकडे ठेवणार त्यांना आठवडाभर आधी सांगावे आणि जेवायला येणार की नाही हेही स्पष्ट सांगावे. कोड्यांची एक प्रत मोठ्यांकडे असावी. वहीत नाव-गाव लिहावे, पण फोन नंबर लिहू नये. नातेवाईक नसतील तर मित्राच्या मित्राकडे, शिक्षकाकडे, ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवता येतो. आणि समुद्र सोडावा असे कुठे म्हटले आहे? मोरजी-हरमलचा किनारा वाटेतच आहे. मुले दीड तास पाण्यात होती.

परतल्यावर साखळीचे कार्ड चौथ्या दिवशी आले, डिचोलीचे पाचव्या, पेडण्याचे आठव्या. पेडण्याचा शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येत नाही. धाकटीला तोच सर्वांत आवडतो. सावंतवाडीच्या नणंदेने डिचोलीला फोन करून पत्र मिळाल्याचे कळवले आणि मावशीआजीच्या म्हणण्यानुसार याही वेळी तिला बोलू दिले नाही.

डबा अजून जात्याशेजारी आहे. आमच्यानंतर त्यात आणखी चार ठसे उमटले. दोन तिच्या नातवाच्या वर्गातल्या मुलांचे, एक शेजारच्या ख्रिस्ती घरातला आणि एक खानापूरहून आलेल्या भाच्याचा. मावशीआजीचा नातू हल्ली तिच्याकडून कन्नड अक्षरे शिकतो आहे. तो ‘अ’पासून सुरू करून ‘ए’पर्यंत आला आहे. एप्रिलच्या सुट्टीत तो बेळगावला यायचा आहे आणि त्याच्यासाठी इकडे डबा कुठे ठेवायचा यावरून आमच्या घरी रोज वाद चालू आहे.